रस्त्यापलीकडचा गोल

आसेगावच्या आझाद फुटबॉल क्लबला मैदान मिळालं ते शालिकरामनं आपलं खडकाळ वावर दिलं म्हणून. पोरांनी गोटे वेचले, लाकडी बल्ल्यांचे गोल उभे केले. गोलकीपर फुलचंद, भाजीपाल्याचा माणूस, चाळिशी ओलांडलेला.

मग मोठा रस्ता आला. मोजणीवाल्यांची दोरी गेली ती नेमकी मध्यरेषेवरून. घराएवढा भराव पडला. अर्धं मैदान अलीकडं, अर्धं पलीकडं, आणि मधात गुराढोरांसाठी ठेवलेला बोगदा.

"दुसरं मैदान पाहू," कप्तान विनोद म्हणाला.

शालिकराम भडकला. "काहून? रस्ता मागून आला, मैदान आधीचं हाय. आपण कायले हलाव?"

तेव्हापासून मॅच बोगद्यातून व्हायला लागली. पंच आणि बघे गावाकडच्या लिंबाखाली. फुलचंद पलीकडं एकटा. हाफटाइमला बाजू बदलणंही बंद झालं, कारण दोन टीम आणि म्हशी एकाच वेळी बोगद्यात मावत नसत. आझादच्या पोरांना म्हशींची सवय होती, पाहुण्यांना नव्हती. त्यामुळं बॉल पलीकडं येईचना. क्लब जिंकत सुटला.

फुलचंदला त्यातलं काही दिसत नसे. बोगद्यातून येणाऱ्या मेंढरंवाल्या सेवादासला तो विचारी, "आपले किती झाले?"

"आजचे का मागच्या रविवारचे?" सेवादास म्हणे.

शेवटी रिकामं बसून कंटाळलेल्या फुलचंदनं गोलापुढं सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरला. तो छान तरारला. त्याची बायको सुंदरबाई म्हणायची, "घरीच बसा ना मंग!"

"अवो, गोल उघडा कसा टाकू?"

एका रविवारी अनसिंगची टीम आली. त्यांचा शिवम म्हशींतच वाढलेला. तो शेणानं माखून, बॉल घेऊन बोगद्यातून बाहेर पडला आणि फुलचंद ताडकन उठून उभा राहिला. आला बापा, कोणीतरी आला!

शिवमनं पाय उगारला.

"अबे हळू! सांबार हाय!"

शिवम थबकला. "चुकलं काका." त्यानं बॉल धुऱ्याच्या बांधावरून वळवून नेला आणि बाजूनं हाणला. फुलचंदनं जीव तोडून झेप घेतली, तोंडावर आपटला. बॉल आत.

शिवमनं मागं वळून पाहिलं; बोगद्यातून अजून कोणी आलं नव्हतं.

"झाला ना काका?"

"झाला म्हंजे! म्या सोता पायला."

"पण पंच माह्यं कायले आयकन? तुमीच सांगा."

फुलचंद हातमोज्यांसकट बोगद्यातून पळत सुटला. "गोल झाला! आपल्यावर गोल झाला!"

शालिकरामनं कपाळावर हात मारला. "चूप बसाले काय झालं होतं तुले?"

पंचानं विचारलं, "कोणी पायला?"

"मी."

"तुमी तर गोलकीपर हाय."

"मंग? तिथं दुसरं कोण राह्यते?"

पंचानं शिट्टी वाजवली. त्या एका गोलानं घरच्या मैदानावर आझाद पहिल्यांदा हरला. विनोद फुलचंदशी आठवडाभर बोलला नाही.

पण पुढच्या रविवारी निम्मं गाव पलीकडं येऊन बसलं; पुन्हा गोल होतो का ते पाहायला. शालिकरामची बायको आवडाबाई चहाची किटली घेऊन आली. बसणाऱ्यांनी सांबार पार चेंदला. एवढी माणसं पाहून फुलचंदचं बॉलकडं ध्यानच राहिना, आणि त्यानं चार गोल खाल्ले. प्रत्येक गोलानंतर तो लोकांकडं वळून ओरडे, "पायला ना? सगळ्यायनं पायला ना?"