तांड्याच्या बैलांनी वाहिलेली हद्द

मी राखीव जंगलाच्या हद्दीचा दगड बोलतोय. दचकलात? दचका. त्या दिवशी मी जो हादरलो, तो अजून सावरलेलो नाही.

माझा जन्म दारव्ह्याकडच्या खाणीतला. पाथरवटाने मला चौकोनी घडवलं, चुन्याने रंगवलं. एकसष्ट सालच्या हिवाळ्यात जंगलाची हद्द वाढवायचं ठरलं आणि आम्हा भावंडांना डोंगरावर न्यायची वेळ आली. वर गाडी चढेना. मोजणीचे साहेब थेट भीमसिंग नाईकांच्या तांड्यावर गेले.

या लोकांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून मुलूखभर फिरायचे. ते केव्हाच बंद पडलं, तांडा शेतीला लागला. पण बैल लादायची हौस काही फिटली नव्हती. माल कशासाठी चाललाय हे विचारणं त्यांच्यात हलकेपणाचं. धन्याने जागा दाखवायची, यांनी तिथे उतरवायचा, बस्स.

भीमसिंगची बायको जमनी तेवढी म्हणाली, "हे गोटे कायले नेऊन राह्यले, इचारा तरी."

"माह्या बापानं कधी इचारलं काय व?" भीमसिंग मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "तू बैलाले झूल घाल."

आणि खरंच, बैलांना झुली चढल्या, घुंगरं बांधली गेली! बैलाच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला माझा भाऊ. मी तर हरखूनच गेलो. साहेब बोट दाखवत पुढे, तांडा गाणी म्हणत मागे. जुन्या वाटेच्या कडेने, तांडा जिथलं पाणी पितो त्या झऱ्याला वळसा घालून एकेक दगड उतरत गेला. शेवटी मला तांड्याच्या अगदी तोंडाशी रोवलं.

बैल तहानले होते. भीमसिंगने ते झऱ्याकडे वळवले, तोच जंगलाचा शिपाई पंजाबराव काठी आडवी धरून उभा राहिला.

"नाईक, आता तिकडं नाई जाता येत. दगडाच्या आत सारं राखीव झालं."

"सारं म्हंजे? झरा?"

"झराही. वाटही."

गाणं तोंडातच राहिलं. आपल्याच बैलांना झुली घालून भीमसिंगने आपलंच पाणी तोडलं होतं! मला वाटलं होतं, मी रानाची राखण करायला आलो. कुणाची तहान अडवायची आहे, हे मला कुणी सांगितलं होतं?

रान वाढलं, हे कबूल. साग उंच झाले, चितळं निर्धास्त चरतात, मला बरं वाटतं. पण जमनी आता दोन कोसांवरून पाणी आणते आणि माझ्यापाशी घागर टेकवून दम खाते.

परवा तेच साहेब दगड तपासायला आले, उन्हाने कासावीस होऊन. जमनीने न मागता घागर पुढे केली. ते पोटभर प्यायले, आणि उरलेल्या पाण्याने खुशाल हातपाय धुतले!

"गोड आहे हो बाई पाणी. झऱ्याचं का?"

"झरा तं तुमचा झाला, साहेब," जमनी म्हणाली, आणि रिकामी घागर उचलून पुन्हा उन्हात चालू लागली.

साहेब मग माझा चुना उडालाय असं शिपायाला सांगून निघून गेले.

वाचकहो, ते कुठे भेटले तर त्यांना सांगा. रान राखा, हद्दही राखा. पण झऱ्यापर्यंत एक बैल, एक बाई जाईल एवढी वाट मोकळी सोडा. त्यासाठी मला उपटावं लागलं तर खुशाल उपटा.