निळ्या पाण्यातली टोपी

चित्र नुसतं निळं होतं. पोहण्याचा हौद आणि काठाला पांढऱ्या फरश्या. माणूस नाही की कुत्रं नाही.

"बासिलियाबाई, यात तुम्ही कुठं आहात?" हिमेनाने विचारलं.

"मी काढलंय, मग आणखी कुठं असणार?"

हिमेना ही ला पास शहरातल्या एका कलादालनाची तरुण संयोजक. आयमारा या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या चित्रकारांचं 'आमची मुळं' हे प्रदर्शन ती भरवत होती. बासिलिया कालिसाया सत्तरीची आयमारा बाई. पाठीवर दोन वेण्या, पोल्येरा म्हणजे तिकडचा घेरदार घागरा, डोक्यावर गोल टोपी. निमंत्रणपत्रिकेवर चित्राऐवजी तिचाच फोटो छापला होता.

"लोकांना तुमची ओळख दिसायला हवी ना," हिमेना अजिजीने म्हणाली. "पाण्यावर एखादी टोपी तरी काढा. नाहीतर हे चित्र या प्रदर्शनात बसत नाही हो."

"हौदात टोपी कशाला, बाई?"

"कोणाला घालू नका, नुसती तरंगती ठेवा."

बासिलियाला हसू आलं. तिच्या तरुणपणी पोल्येरा नेसलेल्या बायकांना चांगल्या हॉटेलांच्या दारातूनच परत पाठवायचे. आता तीच पोल्येरा भिंतीवर टांगायला मिनतवाऱ्या! तेव्हा ती शहराच्या सखल भागातल्या श्रीमंत वस्तीत घरकाम करायची. त्या घरच्या हौदात उतरायची तिला बंदी होती, हे खरंच. पण हे चित्र त्या बंदीचं नव्हतं. सकाळची झाडलोट उरकली की ती काठाशी उभी राहायची. घरात कोणी उठलेलं नसायचं, आणि तेवढा वेळ ते निळं तिच्या एकटीचं असायचं. इतकी वर्षं डोळ्यांत जपलेलं ते निळं आता कुठं हाताला साधलं होतं.

पण प्रदर्शनही हवंच होतं. आयुष्यातलं पहिलं. तिने पाण्याच्या मधोमध टोपी रंगवली, आणि दुधात माशी पडावी तसं चित्र नासलं.

उद्घाटनाच्या सकाळी तिला राहवेना. कलादालनात जाऊन तिने त्या टोपीवर निळ्या रंगाचा जाड थर चढवला. चित्र प्रदर्शनातून काढून टाकायचं तर टाका म्हणावं! धावपळीत हिमेनाचं तिकडे लक्षच गेलं नाही.

संध्याकाळी रिकार्दा आली, सोबत बाजारातल्या चार बायका. रिकार्दा चीज विकायची. बासिलियाच्या लेकीची ती धर्ममाता. हातात बिअरच्या बाटल्या, शालीत रंगीत कागदी टिकल्यांच्या पिशव्या.

"नवा ट्रक घेतला तरी धरणीमायेला आधी पाजतो आपण," ती म्हणाली. "आणि चित्राला कोरडंच ठेवणार होतीस होय गं?"

रखवालदार पोचेपर्यंत चकचकीत फरशीच्या चारी कोपऱ्यांत बिअर सांडली होती. मग टिकल्या उधळल्या. मूठभर टिकल्या नेमक्या ओल्या रंगावर बसल्या आणि तिथंच चिकटल्या. पाण्याच्या मधोमध लाल-पिवळा-गुलाबी ठिपका!

हिमेना धावत आली. तिचे डोळे लकाकले. "हेच! हेच तर हवं होतं! हात लावू नका कोणी!"

"बाई, तिथली टोपी मी सकाळी पुसलीय," बासिलिया शांतपणे म्हणाली. "आता हा कचराही काढणार."

"कचरा? ही तुमची परंपरा आहे!"

"परंपरा जमिनीवर टाकायची असते, पोरी," रिकार्दा म्हणाली. "चित्रावर पडला तो माझा वाईट नेम. हिच्या लग्नात मी पाद्रीबुवांना भिजवलं होतं!"

"डोक्यापासून पायापर्यंत," बासिलिया म्हणाली. बायका खिदळल्या. हिमेनालाही हसू आवरेना.

"पण मी पाटीवर लिहू काय? लोक विचारतील, यात आयमारा काय आहे?"

"लिहा," बासिलिया म्हणाली, "बासिलिया कालिसायाला निळा रंग आवडतो."

"एवढंच?"

"एवढ्यासाठीच काढलंय. नसेल बसत तर उतरवा, मी घरी नेते." आणि तिने खरंच चौकटीला हात घातला.

हिमेना चित्राकडे बघत राहिली. पाहुणे तिच्याकडे. मग तिने बासिलियाचा हात हळूच चौकटीवरून सोडवला आणि आपल्या लांब नखांनी एक पिवळी टिकली अलगद उचलली.

"नखं कामाची आहेत गं तुझी," रिकार्दा म्हणाली. "ये माझ्या दुकानात, चीजवरची साल सोलायला."

पाहुणे पेले धरून ताटकळले. हिमेना टिकल्या वेचत होती, रिकार्दा त्या ओच्यात झेलत होती. बासिलिया चार पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून उभी राहिली.

"डावीकडे अजून एक गुलाबी आहे," ती म्हणाली. "हळू. खालचं पाणी डहुळेल."