तळातलं सोनं

मित्रांनो, मी एक जुना, तिरका कापलेला तेलाचा कॅन आहे. हसा, खुशाल हसा. मांडवी बंदरावर मला पाहून सगळेच हसतात. पण भर समुद्रात होडीत पाणी चढू लागलं की हसणाऱ्यांची दातखीळ बसते आणि नजर मलाच शोधू लागते. तेव्हा आधी माझं ऐकून घ्या.

पाच लिटर शेंगदाणा तेल पोटात घेऊन मी राजाभाऊंच्या घरी आलो. त्यांच्या पत्नीने, मथुराबाईंनी, दिवाळीच्या चकल्या-करंज्यांत ते तेल संपवलं. मी भंगाराच्या पोत्यात जाणार, एवढ्यात राजाभाऊंनी मला उचललं. तीस वर्षं मोठ्या जहाजांवर नोकरी करून हे गृहस्थ घरी परतलेले. स्वस्थ बसतील तर शपथ! त्यांनी वीस फुटांची एक शिडाची होडी बांधून घेतली होती आणि तिला आपल्या आईचं, मालनचं नाव दिलं होतं. त्यांनी करवतीने मला तिरकं कापलं, मूठ तेवढी शाबूत ठेवली, मुठीला दोरी बांधून मला होडीत अडकवलं आणि कॉलेजात जाणाऱ्या लेकीला म्हणाले, "सावनी, शीड फाटलं तरी होडी घरी येते. हा नसला तर येत नाही."

मी किती फुगलो म्हणून सांगू! सहा वर्षं मी त्या होडीतलं पाणी उपसलं. पावसाचं, लाटांचं, फळ्यांमधून झिरपणारं. सावनी माझ्याच बरोबर होडी चालवायला शिकली.

मग विजेचा पंप आला. बटण दाबलं की पाणी बाहेर. राजाभाऊंना त्याची अशी भुरळ पडली की मला टाकून द्यायला सांगून ते मोकळे झाले. सावनीने टाकलं नाही इतकंच. तिने माझ्यात कांदे भरले आणि मला बसायच्या फळीखाली सरकवलं. दर्या उपसणाऱ्याने कांदे सांभाळायचे! चालायचंच, गरज सरो नि वैद्य मरो.

गेल्या वर्षी बापलेकीने शिडावर गोव्याला जायचं ठरवलं. सीमोल्लंघन करायचं तर दसऱ्यालाच, हा राजाभाऊंचा हट्ट. मथुराबाईंनी अडवलं नाही. सगळी काळजी त्यांनी पूजेत ओतली. शिडाला कुंकू, सुकाणूला कुंकू, पंपाच्या बटणाला झेंडूची माळ. प्रत्येकापुढे आपट्याचं पान ठेवून त्या म्हणत होत्या, सोनं घे, सोन्यासारखं राहा. पंप तर तळाच्या फळीखाली असतो. त्या फळीवर त्यांनी ओंजळभर सोनं वाहिलं, कारण पाणी तोच काढणार होता. डोलकाठीवरच्या तोरणाला दोरी कमी पडली, तर राजाभाऊंनी माझीच दोरी सोडून नेली. मला मात्र कोणी पान सोडा, बोटसुद्धा लावलं नाही. खोटं कशाला बोलू, कांद्यांखाली मला रडू आलं.

निघण्याआधी होडीचा तळ झाडून घ्यायचा, हा राजाभाऊंचा स्वतःचाच नियम होता. पण मुहूर्ताची घाई होती, आणि बायकोने वाहिलेलं सोनं केरासारखं कसं झाडायचं? त्या दिवशी त्यांनीच नियम मोडला.

मोबाईलवर हवामान ठीक दिसत होतं. दुपारी आम्ही पूर्णगडच्या समोर, किनाऱ्यापासून बरेच बाहेर होतो. नैऋत्येला आभाळ काळवंडलं आणि शीड आखूड करेपर्यंत वारा अंगावर आला. मागोमाग लाटा. एक लाट होडीत कोसळली, दुसरी कोसळली. सावनीने बटण दाबलं. पंप घुरघुरला, पण पाणी काही हलेना. तिने पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. पंपावरची फळी स्क्रूने घट्ट बसवलेली, वर पोटरीएवढं पाणी, ती उघडणार कशी? राजाभाऊंनी सुकाणू सोडलं असतं तर होडी लाटेला आडवी झाली असती.

पूर्णगडच्या खाडीत शिरणं हाच एक मार्ग उरला. पण त्या खाडीच्या तोंडाशी लाटा फुटतात. पाण्याने जडावलेली होडी तिथे वळत नाही, उलटते. हे त्या दोघांना ठाऊक होतं आणि मलाही.

"कॅन काढ," राजाभाऊ म्हणाले.

कांदे भसाभस पाण्यात पडले आणि सावनी उपसायला लागली. थोड्याच वेळात एका लाटेने मला तिच्या हातातून हिसकावलं. दोरी कुठे होती मला! मी काठावरून दर्यात जाणार, तोच तिने अंग झोकून माझी मूठ पकडली. तिचं कोपर फुटलं. तिने वर पाहिलं, हिसडा मारून तोरण तोडलं, फुलं ओरबाडून टाकली आणि ती दोरी माझ्या मुठीला बांधली. दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला.

आम्ही बाहेर टाकत होतो त्याहून जास्त पाणी आत येत होतं. ते गुडघ्याला लागलं तेव्हा सावनी रडायला लागली.

"बाबा, नाही होत माझ्याच्याने."

"पाण्याकडे बघू नको, बाय. माझ्याकडे बघ आणि उपस."

माझ्या अंगाला चीर गेली. मित्रांनो, तेव्हा मला माझा रुसवा आठवला नाही. ही पोर बुडता कामा नये, एवढंच मनात होतं. होडी खाडीकडे वळल्यावर लाटा मागून येऊ लागल्या आणि आत येणारं पाणी कमी झालं. हळूहळू ते तिच्या गुडघ्याखाली आलं, मग घोट्याशी. खाडीच्या तोंडाशी मागून भली मोठी लाट आली, हलकी झालेली होडी तिच्यावर चढली, वळली आणि आत शिरली.

काठाला लागल्यावर त्यांनी फळी उघडली. पंपाच्या जाळीवर आपट्याची पानं एकावर एक चिकटून बसली होती. फळीच्या फटीतून ती पाण्याबरोबर आत ओढली गेली होती. तेवढ्यात मथुराबाईंचा फोन आला. त्यांनी पहिलं विचारलं ते सोनं पावलं का, हेच.

"पावलं," राजाभाऊ म्हणाले. "सुखरूप आहोत."

फोन ठेवल्यावर ते लेकीला म्हणाले की चूक आईची नाही, तळ मी झाडला नाही, आणि हे तिला कधी कळू द्यायचं नाही.

वर्ष सरलं. यंदाच्या दसऱ्याला मथुराबाई पुन्हा पूजेचं ताट घेऊन होडीत आल्या. ओंजळभर पानं घेऊन त्या पंपाशी वाकल्या, तेव्हा सावनीने हळूच त्यांचा हात धरला.

"आई, पंपाला नको. याला दे."

मथुराबाईंनी लेकीच्या कोपरावरचा वण पाहिला. मग फळीतली फट पाहिली. राजाभाऊ उगाचच शिडाची दोरी सारखी करत होते. मथुराबाईंचे डोळे भरून आले. हातातली सगळी पानं त्यांनी माझ्यात ठेवली आणि माझ्या चिरेवरून बोट फिरवलं.

"सोनं घे, बाबा," त्या म्हणाल्या. "सोन्यासारखा राहा."

मित्रांनो, तुमच्याही घरात नव्या वस्तूमागे माझ्यासारखा कुणी जुना पडला असेल. त्याला टाकू नका, आणि त्याची दोरी सोडू नका. माझ्या मुठीला आता नवी दोरी आहे. पूजा झाली की सावनी पानं काढून घेते, तळ झाडते, माझी गाठ ओढून पाहते आणि मगच शीड वर चढवते.