परीक्षेला बसलेली माती

मोफत जिप्समची यादी वाचून संपली, तरी वीरभद्रप्पा मान पुढे करून बसूनच होते. शेवटी त्यांनी विचारलं, आपलं नाव चुकून गळलंय का? कृषी सहायक वैष्णवी मॅडमनी त्यांच्या मातीची पत्रिका शोधून काढली.

"अप्पा, गावात सगळ्यात उत्तम माती तुमची. क्षार नाहीत, कस भरपूर. जिप्सम फक्त खारवट रानाला."

ग्रामपंचायतीत टाळ्या पडल्या. शेजारचा बसलिंगप्पा सगळ्यांत जोरात वाजवत होता. वीरभद्रप्पांनी टोपी सावरून टाळ्या स्वीकारल्या, कारण दुसरं काही सुचेना.

खरं तर ओढ्याकडच्या त्यांच्या दोन एकरांत उन्हाळा आला की मीठ फुटायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी धोतरं वाळत घातलीत. ज्वारी वीतभर वाढून पिवळी पडायची आणि वीरभद्रप्पा गावात सांगायचे, यंदा पेरायला जरा उशीर झाला. हा उशीर तीस वर्षं चालला होता.

माती परीक्षणाची पिशवी घरी आली तेव्हा त्यांना त्या नावातली परीक्षा तेवढी ऐकू आली. शाळेत साहेब तपासणीला आले की गुरुजी हुशार पोरं पुढे बसवत आणि वीरभद्रप्पांना मागच्या रांगेत. ते त्यांच्या चांगलं लक्षात होतं. त्यांनी परसातल्या चिंचेखालची, म्हशी बांधायच्या जागेची भुसभुशीत माती पिशवीत भरली. रानातली मागितलीय, असं बायको नागम्मा दोनदा म्हणाल्या.

"गप बस की. समद्या गावापुढं नापास व्हायचं का?" म्हणत त्यांनी पिशवीला गाठ मारली होती.

यादीच्या दिवशी घरी आमटी अळणी होती. त्यांनी मीठ मागितलं.

"रानात जावा की," नागम्मा म्हणाल्या. "तितं लई हाय."

ते अळणीच जेवले. यंदा जिप्सम पडलं नाही तर ते रान कायमचं पडीक जाणार, हे दोघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन त्यांनी मॅडमना हळूच सांगून पाहिलं. मॅडमना ऐकू गेलं नाही. बसलिंगप्पा तिथंच चहा पीत होता. त्याच्यासमोर पुन्हा सांगावं लागलं, तेव्हा वीरभद्रप्पांना खरोखर लाज वाटली.

"माझं रान खारं हाय, मॅडम. ती माती म्हशीखालची व्हती."

बसलिंगप्पा चहा सांडेपर्यंत हसला. मॅडमनी त्याचीही पत्रिका बघायला घेतली, तसा तो घाईनं चपला शोधू लागला.

संध्याकाळी नवी पिशवी घेऊन वीरभद्रप्पा ओढ्याकडे गेले. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे वीतभर खोल खड्डे घेतले. वरचा पांढरा पापुद्रा झटकायला हात गेला, तो त्यांनी आवरला.

"बाई, या बारीला तूच बस परीक्षेला," ते मातीला म्हणाले. "नापास झालीस तरी माझीच हायस."

सकाळी मॅडमच्या टेबलावर बऱ्याच पिशव्या मांडल्या होत्या. वीरभद्रप्पांनी आपली पिशवी सगळ्यांत पुढे ठेवली.