सुऱ्याची खंडेनवमी

मित्रांनो, मी एक जुना सुरा आहे. मासे कापणारा, जपानी, हाताने घडवलेला. माझी पाठ इतकी जाड की मला पहिल्यांदा उचलणारा माणूस नकळत दुसरा हातही लावतो. धार मात्र एकाच बाजूला. स्वभावही तसाच एकमार्गी आहे, हे कबूल.

माझा जन्म ओसाकाजवळच्या साकाई गावातला. लोहाराने मऊ लोखंडावर कडक पोलादाचा थर जोडला, भट्टीत लाल करून ठोकठोक ठोकले आणि पाण्यात बुडवले. दुसऱ्या कारागिराने धार काढली. तिसऱ्याने लाकडी मूठ बसवली, ती ओल्या हातातूनही सटकत नाही. मला दाबावे लागत नाही. नीट धरून खाली आणले की माझे वजनच काम करते.

ओसाकातल्या नाकानो नावाच्या मासेवाल्याने मला आयुष्यभर वापरले. रोज दुकान बंद करताना ते मला दगडावर घासत, कोरडे पुसत, तेलाचे बोट फिरवत. ते गेले, दुकान बंद झाले आणि मी फडक्यात गुंडाळलेला फडताळात पडून राहिलो. फार वाईट दिवस होते ते.

मग १९९४ साली शेजारी संपदा राहायला आली. तिचा नवरा उदय मुंबईच्या कंपनीतर्फे ओसाकात नेमणुकीवर होता. दादरला विळीवर सराईतपणे सुरमई चिरणारी ही बाई इथे पातळ सुरीने माशाशी झटापट करताना नाकानोंच्या पत्नीने, म्हणजे नाकानोआजींनी, पाहिली. त्यांनी मला तिच्या हाती दिले.

"ओसाकात आहात तोवर वापरा. माझ्या माणसाची आठवण आहे. रोज पुसून ठेवा."

पहिले काही दिवस संपदा मला विळीसारखा टेकवून धरायची आणि मासाच माझ्यावर ढकलायची! पण हळूहळू आमचे सूत जमले. पुसायला तर ती एकदाही विसरली नाही.

आणि मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा करायची आणि त्यांना कामाला लावायचे नाही, अशी तिच्या घरची रीत. तिने कात्री आणि पेचकसाशेजारी मला पाटावर मांडले, ओले गंध लावले, हळदकुंकू वाहिले, शेवंतीची फुले ठेवली. इतका मान मला जन्मात मिळाला नव्हता. मी नुसता फुशारून गेलो. पण मांडलेली पूजा दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायची कशी? म्हणून रोज आठवणीने पुसणारी संपदा त्या दिवशी मुद्दाम पुसायची थांबली.

सकाळी तिने कुंकू पुसले, तरी लाल डाग राहिलेच. तो गंज होता.

"करायला गेले गणपती नि झाला मारुती," ती रडवेली झाली.

"अगं, असाच नवीन आणून देऊ. आजींना काय कळतंय?" उदय म्हणाला.

"मला कळतंय ना! मी आत्ताच जाऊन सांगते."

माझा जीव टांगणीला लागला. आजींनी परत ठेवून घेतले, तर पुन्हा तेच फडताळ.

आजींनी डाग पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "ओला का ठेवलात?"

संपदा मोडक्या जपानीत म्हणाली, "आमच्याकडे वर्षातून एक दिवस हत्यारांना नमस्कार करतात. त्या दिवशी त्यांना सुट्टी. काही कापायचं नाही."

आजींनी माझ्या डागांवरून अलगद अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "सुट्टी? ह्याला कधीच नव्हती. आणि ह्याच्या मालकालाही नव्हती."

त्यांनी दगड आणला, पाणी शिंपडले आणि संपदाचा हात धरून मला घासायला शिकवले. डाग फिके झाले. पूर्ण गेले नाहीत, पण मला त्यांचे दुःख नाही. मग आजींनी मला कोरडे करून स्वच्छ फडक्यावर ठेवले आणि कमरेत वाकून म्हणाल्या, "ओत्सुकारेसामा."

मित्रांनो, काम संपवून घरी निघालेल्या माणसाला जपानात असे म्हणतात. खूप राबलात, आता विसावा घ्या. नाकानो दुकानात काम करता करताच गेले. आजींचे त्यांना हे म्हणायचे राहूनच गेले होते. ते मी नाकानोंच्या वतीने ऐकून घेतले.

आजींनी मला पुन्हा संपदाच्या हाती दिले.

तेव्हा तुमच्यासाठी राबणाऱ्या वस्तूंना, आणि माणसांना तर आधी, वेळेवर नमस्कार करा. आम्हां सुऱ्यांना मात्र नमस्कार झाल्यावर लगेच कोरड्या फडक्याने पुसा.