सोळावी भाजी

"पंधराच हायेत," सूप खाली ठेवत पार्वताबाई म्हणाली. "रुखमा, वास्ते कुठी हायेत?"

रुखमा चुलीत काटक्या सारत होती.

आज महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या एकाच गंजात शिजवून देवीला नैवेद्य दाखवायचा, हा या घरचा रिवाज. भेंडी, दोडका, पडवळ, धोप्याची पानं, जे परसात पिकेल ते घ्यायचं. सोळावी भाजी मात्र वास्त्यांची, म्हणजे रानातल्या बांबूच्या कोवळ्या कोंबांची. सासू गेल्यापासून हे सगळं मोजून घ्यायचं काम थोरली जाऊ पार्वताबाई करायची, आणि तिच्या मोजणीतून कोणी सुटायचं नाही.

"यंदा वास्ते नाई, बाई."

"नाई म्हंजे? मागच्या साली सुतकात सन गेला. यंदा बी देवीले उनं ताट दाखवतं का? घरातला एक गेला, तेवढ्यानं डोये नाई उघडले का तुये?"

रुखमाच्या हातातली काटकी हातातच राहिली. मागच्या साली याच दिवशी सुपात अशाच पंधरा भाज्या होत्या. नवरा गोमाजी अंगात ताप घेऊन पडला होता. दुपारी तो विळा घेऊन नाकाडोंगरीच्या रानात गेला आणि बांबूच्या बेटात वाघानं त्याला धरलं. लोकांनी खाटेवर घालून आणला तेव्हा वास्ते त्याच्या दुपट्ट्यात नीट बांधलेले होते. त्याचं नशीब, असं सगळं गाव म्हणालं. रुखमानं गावाला तसंच म्हणू दिलं.

"मी आनतो," म्हणत तिचा मुलगा मनिष उठला. त्यानं भिंतीवरचा बापाचा विळा काढला.

"कुठी जाऊन राहिला? परवाच गस्तीवाले सांगून गेले न, बेटाकडं वाघीन हाये म्हनून!"

"दिवसाढवळ्या काय होते, माय? अर्ध्या घंट्यात येतो."

"तुया बाप बी हेच म्हनून गेला होता."

"बाबाचं काम होतं, आता मायं हाये. सर."

रुखमा सरली नाही. दारात आडवी उभी राहिली आणि वर्षभर पोटात ठेवलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"तो जात नोयता रे! 'आंगात ताप हाये, यंदा राहू दे' म्हने. म्याच उठवलं त्याले. पंधरा पाहून तुयी मोठी माय काय म्हनन, ह्या भेवानं उठवलं. वाघानं नाई, म्या मारलं त्याले. आता तुले नाई धाडत."

मनिषच्या हातातला विळा खाली आला.

रुखमा तशीच बाहेर गेली. कुडाशी तरोटा माजला होता, येता जाता पायाखाली येणारं तण. तिनं त्याचे कोवळे शेंडे मूठभर खुडले, धुतले, चिरले आणि गंजात टाकून ढवळून घेतले.

"तरोटा? महालक्षिमीले तरोटा?"

"पयल्या पान्यात खातो का नाई आपन?"

"खातो, पन..."

"मंग मोजा."

पार्वताबाई गंजाकडं पाहत राहिली. तिनं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.

"सोळा," ती हळूच म्हणाली.

"बाई, वास्तेच पायजेत असं सासूनं सांगलं होतं का?"

"तसं कायी नाई वं. सोळा पायजेत म्हने. वास्ते तिले आवडत. तवा बांबू कुडाच्या मांगंच होता, हात लांबवला का भेटे."

मनिषनं विळा खुंटीला टांगला. संध्याकाळी नैवेद्य झाला, पंगत बसली. पार्वताबाईनं भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. "बरी झाली," ती पानाकडंच पाहत म्हणाली.

रुखमा सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसली. तिच्या समोर दार उघडं होतं आणि दारातून कुडाशी उभा तरोटा दिसत होता, पिवळी फुलं आलेला. मागच्या साली तो इतकाच दाट माजला होता. रानात जाताना गोमाजी त्यालाच तुडवून गेला होता. तापानं त्याचा पाय नीट पडत नव्हता आणि ती दारात उभी राहून, लवकर जा, म्हणत होती.

"माय, जेव न," मनिष म्हणाला.

तिनं घास तोंडात घातला. भाजी खरंच बरी झाली होती.