सेट म्हणजे नेमका कोण?

मित्रांनो, मी एक जुना सेट आहे. पण नुसतं एवढं सांगून भागायचं नाही. मी चहाचा सेट. किटली, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं आणि सहा कपबश्या, असा आमचा संसार. एका रंगाऱ्याने आमच्यावर निळी वेल काढली आणि आपल्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मला तिच्या हाती ठेवलं.

तीच आमच्या घरच्या बाई. त्यांच्याबरोबर इथे आलो आणि गोंधळूनच गेलो. "केस सेट करून येते हं," असं बाई म्हणाल्या, की माझ्या कपांचे कान टवकारायचे. "जेली अजून सेट होईना!" "गजर सेट केलात का?" "भाचा नोकरीत छान सेट झाला हो!" एवढ्याशा शब्दाला केवढी कामं! माझं काम मात्र कमी होत गेलं. 'पाहुणे आले की काढू' म्हणता म्हणता मी कपाटात मागे सरकलो.

परवा तर जिवावरच बेतलं. संध्याकाळी तोच रंगारी दादा फार वर्षांनी बहिणीकडे यायचा होता. दुपारी बाईंनी कामावरून यजमानांना फोन केला, "अहो, भंगारवाला येईल. तो जुना सेट देऊन टाका." यजमानांनी मला कागदात गुंडाळलं आणि दिलं की हो!

बाईंनी घरी येऊन कपाट उघडलं.

"अहो, सेट कुठाय?"

"दिला. तूच म्हणालीस ना!"

"अहो, टीव्हीचा! तो बंद पडलेला! आता दादाला चहा काय तुमच्या टोपीत देऊ?"

दोघं चपला उलटसुलट घालून धावली. कोपऱ्यावर भंगारवाला हातगाडीला दोर बांधत होता. तो हसत म्हणाला, "ताई, टीव्ही न्यायला गाडी आणली, तर साहेबांनी हातात किटली ठेवली. म्हटलं, आजचा माल नाजूक दिसतोय."

मी परत आलो. या धावपळीत झाकणाचा टवका उडाला. बाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात दादा आला आणि झाकण पाहून म्हणाला, "अगं वेडे, कपाटातच ठेवला असतास तर टवका उडाला नसता, पण मला याच्यातून चहाही मिळाला नसता. ओत!"

किती दिवसांनी पोटात ऊब गेली!

मित्रांनो, आम्हाला जपा, पण वापरून जपा. आणि कुणाला काही देऊन टाकायला सांगाल, तेव्हा एक शब्द जास्त बोला. तेवढ्याने कुणाचातरी जीव वाचतो.